थकबाकी रु. ०.०० : संख्येचं चिन्ह एका ओळीत काढताना पुन्हा पुन्हा उगवणारी चूक

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी काही वर्षांपूर्वी वहीतून काढून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टमध्ये टाकला. दर तिमाहीला पावत्यांची फाइल वाचायची, प्रत्येक फ्लॅटची बाकी काढायची आणि तीनपैकी एक शब्द छापायचा. बाकी शून्याहून जास्त असेल तर ‘थकबाकी’, कमी असेल तर ‘आगाऊ’, आणि बरोबर शून्य असेल तर सरकारी तक्त्यांतून आपल्या अंगवळणी पडलेला ‘निरंक’. काम एवढंच. संख्येचं चिन्ह काढायचं, धन की ऋण की शून्य.

पहिल्याच तिमाहीत दुसऱ्या मजल्यावरचे काका नोटीस हातात धरून दारात उभे.

“काय रे, मी आयुष्यात कुणाचा पैसा ठेवला नाही. ही शून्य रुपये शून्य पैसे थकबाकी कसली? आणि बोर्डावर लाल अक्षरात?”

त्यांच्या शेजारच्या घराला आलेली नोटीस त्याहून भारी होती. ‘आगाऊ जमा रु. -०.००’. दोघांनीही पैसे पै न् पै भरले होते.

तेव्हा मी घाईघाईनं काहीतरी ठिगळ लावलं. पुढच्या वर्षी तोच प्रकार दुसऱ्या रूपात परत आला, मग तिसऱ्या. दर वेळी मी चिन्ह काढायची ओळ बदलत राहिलो आणि दुखणं त्या ओळीत नव्हतंच. आता ते नीट समजलंय असं वाटतं म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

एक सूचना आधी. खालचा कोड मी देवनागरीतच लिहिलाय. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे वाचा आणि एडिटरमध्ये रोमनमध्ये टाइप करा. ‘बाकी’ नावाचा व्हेरिएबल मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत लिहिला तरी खरोखर चालतो. देवनागरी शून्य कोडमध्ये लिहिलं तर चालत नाही, तिथे साधंच शून्य लागतं.

आधी ती ओळ

चिन्ह म्हणजे उणे एक, शून्य किंवा एक. सरळ लिहायचं तर इफ, एल्स-इफ, एल्स, अशा पाच-सहा ओळी होतात. त्यात वाईट काहीच नाही, पण एकाच फाइलमध्ये चार ठिकाणी त्या लिहायची वेळ आली की हात आखडतो आणि माणूस आखूड रूप शोधायला लागतो. सर्वांत टिकाऊ आखूड रूप हे:

(क्ष > ०) - (क्ष < ०)

दोन प्रश्न विचारले, दोघांची उत्तरं खरं किंवा खोटं. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. क्ष धन असेल तर १ वजा ०, ऋण असेल तर ० वजा १, शून्य असेल तर ० वजा ०. भागाकार नाही, गुणाकार नाही, क्षला हातही लावलेला नाही, फक्त तुलना केली. म्हणून आकडा केवढाही मोठा असो, ओव्हरफ्लो होत नाही, म्हणजे उत्तर ठरलेल्या जागेत मावलं नाही असं होत नाही.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये हे जसंच्या तसं चालतं. पायथनमध्येही चालतं, कारण तिथे ट्रू-फॉल्स हे पूर्णांकांचेच भाऊबंद आहेत. पायथन २ मध्ये ‘सीएमपी’ नावाचं तयार फंक्शन होतं, त्याला क्ष आणि शून्य दिलं की चिन्ह हातात. २००८ मध्ये पायथन ३.० आलं तेव्हा ते काढून टाकलं, आणि त्याऐवजी काय वापरा म्हणून पायथनच्याच दस्तऐवजात सांगितलं गेलं ते सूत्र हेच, शून्याच्या जागी दुसरी संख्या घालून.

जावास्क्रिप्टमध्ये चालतं, पण टाइपस्क्रिप्ट कुरकुर करतं. बुलियनमधून (म्हणजे खरं-खोटं या उत्तरांतून) बुलियन वजा करणं त्याला मंजूर नाही, प्रत्येक कंसाआधी अधिकचं चिन्ह लावलं की गप्प बसतं. जावा, सी शार्प आणि गो या भाषांत मुळातच बंदी. तिथे हट्ट धरू नका, त्यांच्याकडे तयार वस्तू आहे. जावात पूर्णांकांसाठी ‘इंटिजर.सिग्नम’, दशांशांसाठी ‘मॅथ.सिग्नम’. सी शार्पमध्ये ‘मॅथ.साइन’, जावास्क्रिप्टमध्येही २०१५ पासून त्याच नावाचं. गोमध्ये १.२१ पासून ‘सीएमपी.कम्पेअर’ला क्ष आणि शून्य द्यायचं. रुबी, पर्ल आणि पीएचपी ७ मध्ये तर तिरक्या कंसांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह, ज्याला लोक स्पेसशिप म्हणतात, ते क्ष आणि शून्याच्या मध्ये टाकलं की झालं.

पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये मात्र ‘साइन’ नाही. एका संख्येचं चिन्ह दुसरीला चिकटवणारं ‘कॉपीसाइन’ आहे, आणि माझी दुसरी चूक तीच. मी ‘मॅथ.कॉपीसाइन(१, बाकी)’ लिहिलं. दिसायला देखणं. पण कॉपीसाइनला शून्य नावाचं तिसरं उत्तर माहीतच नाही. बाकी शून्य असली तरी ते १.० देतं. त्या तिमाहीत सगळी निरंक मंडळी थकबाकीदार झाली. सेक्रेटरी साहेबांचा फोन मला अजून आठवतो.

नम्पाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमधल्या अ‍ॅरेवर हेच वजाबाकीचं सूत्र लावलं तर स्क्रिप्ट तोंडावर आपटते. नम्पायच्या बुलियनना वजाबाकीचं चिन्ह चालत नाही, थेट टाइप-एरर येते. यातली मेख अशी की तुम्ही हातानं ५ देऊन तपासता तेव्हा सूत्र चालतं आणि पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीच्या तक्त्यातून आलेला एकच आकडा दिला तरी मोडतं, कारण तो आकडा दिसायला साधा असला तरी आतून नम्पायचा असतो. तिथे एकतर ‘एनपी.साइन’ वापरा, नाहीतर आकडा आधी साध्या पायथनच्या प्रकारात आणा.

आखूड पण खोटी सूत्रं

क्ष भागिले क्षचं निरपेक्ष मूल्य. शाळेतल्या गणितात हे बरोबर आहे, फक्त शून्य वगळून, आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं. पायथन शून्यानं भागाकार केला म्हणून थांबतो, जावास्क्रिप्ट ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ अशी खूण, हातात ठेवतं. गंमत अशी, की धन, ऋण आणि शून्य यांचे नियम इ.स. ६२८ मध्ये मांडणाऱ्या ब्रह्मगुप्तानं शून्य भागिले शून्य म्हणजे शून्यच असं सांगितलं होतं. पुढे गणितानं ते मान्य केलं नाही. केलं असतं तर हे सूत्र तिन्ही उत्तरं बिनचूक देत बसलं असतं. तसं पाहिलं तर धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज, हे शब्दच मुळात हिशेबाच्या वहीतले, त्यामुळे सोसायटीच्या नोटिशीत ते पुन्हा भेटले तर नवल नाही.

या सूत्राचा दुसरा सापळा खोल आहे. जावात ३२ बिटांचा, म्हणजे ०-१ च्या ३२ घरांत साठवलेला, सगळ्यात लहान पूर्णांक -२१४७४८३६४८. त्याचं निरपेक्ष मूल्य ३२ बिटांत मावत नाही, कारण धन बाजूला हद्द २१४७४८३६४७ लाच संपते. म्हणून ‘मॅथ.अ‍ॅब्स’ तीच ऋण संख्या परत देतं. ऋणाला त्याच ऋणानं भागलं की उत्तर १. म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा कर्जदार धनको म्हणून नोंदला गेला.

दुसरं सूत्र बिटांशी खेळणाऱ्यांचं. क्षचे बिट ३१ घरं उजवीकडे सरकवायचे. ऋण असेल तर सगळे बिट एक होऊन -१ मिळतं, नसेल तर ०. धनाला १ हवा असेल तर उणे क्षचे बिट चिन्ह न जपता ३१ घरं सरकवून दोघांचं ‘किंवा’ करायचं. जावाचं ‘इंटिजर.सिग्नम’ आतून अगदी हेच करतं, आणि तो सगळ्यात लहान पूर्णांकही त्यात बरोबर बसतो. कागदावर करून पाहा, मजा येते. पण सीमध्ये ऋण संख्येचे बिट उजवीकडे सरकवले तर काय व्हावं हे कंपायलरवर सोडलेलं आहे, आणि पूर्णांक ६४ बिटांचा निघाला तर ३१ हा आकडाच चुकीचा. कंपायलर आजकाल साध्या तुलनेच्या सूत्रातूनही अटीनुसार इकडे-तिकडे उड्या न मारणारा कोड काढतात. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये बिटांची कसरत करण्यात मला तरी आता राम वाटत नाही.

मूळ दुखणं: शून्य हे शून्य नसतं

आता काकांच्या नोटिशीकडे. आकडे लहान करून सांगतो. देणं ३.३०, भरले १.१० आणि २.२०. आपल्या लेखी बाकी शून्य. संगणकाच्या लेखी १.१ अधिक २.२ म्हणजे ३.३००००००००००००००३. बाकी काढली तर ऋण, दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ४४४. चिन्हाचं सूत्र प्रामाणिकपणे -१ सांगतं, नोटिशीवर ‘आगाऊ’ छापलं जातं आणि दोन दशांशांपर्यंत छापताना राहतं ते -०.००.

उलट बाजू काकांची. देणं १.००, दर वेळी ०.१० असे दहा हप्ते. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर बेरीज येते ०.९९९९९९९९९९९९९९९९. बाकी अगदी सूक्ष्म, पण धन. म्हणून थकबाकी, रु. ०.००.

कारण सगळ्यांना माहीत असतं आणि ऐन वेळी कुणाला आठवत नाही. दशमानात एक तृतीयांश जसा ०.३३३३ असा संपतच नाही, तसा द्विमानात एक दशांश संपत नाही. तो कुठेतरी कापावा लागतो. ५० पैसे आणि २५ पैसे बिनचूक बसतात, १० पैसे बसत नाहीत.

म्हणजे चिन्ह काढणारी ओळ पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तिच्या हातात आलेला आकडा सडका होता. हे ओळखायची सोपी युक्ती: शंका आली की आकडा दोन दशांशांत छापू नका, पायथनमध्ये ‘रेप्र’ करून पूर्ण छापा. मी पहिल्या खेपेला हे केलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

पैशांच्या बाबतीत उपाय एकच आणि जुना: रुपयांत मोजू नका, पैशांत मोजा. पूर्णांकात. ३३० वजा ११० वजा २२० म्हणजे शून्य, आणि ते सगळीकडे शून्यच राहतं. फक्त रुपयांचे पैसे करताना एक खड्डा आहे. ४.३५ गुणिले १०० केलं तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याला ‘इंट’ लावलं की ४३४, एक पैसा गडप. तिथे ‘राउंड’च हवं.

पैसे नसून तापमान, अंतर, वजन असलं काही मोजत असाल तर पूर्णांक नेहमी जमत नाहीत. मग शून्याभोवती थोडी मोकळी जागा ठेवावी लागते:

(क्ष > सूट) - (क्ष < -सूट)

सूट किती? इथे लोक कुठूनतरी पाहिलेला दहाचा उणे नववा घात डोळे मिटून टाकतात. तो तुमच्या आकड्यांना लागू असेलच असं नाही. तुमच्या व्यवहारात अर्थ असलेलं सगळ्यात लहान माप घ्या आणि त्याच्या निम्मी सूट ठेवा. हिशेबात ते अर्धा पैसा, म्हणजे ०.००५. आमच्या भाजीवाल्या मावशींच्या तराजूला पाच ग्रॅमपर्यंतचा फरक दिसत नाही, तिथे अडीच ग्रॅम. हे उत्तर प्रोग्रॅमरकडे नसतं, धंदा करणाऱ्याला विचारावं लागतं.

वजा शून्य

‘-०.००’ छापलं जाण्याचं आणखी एक कारण आहे. दशांश संख्या साठवायच्या १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या मानकात चिन्हासाठी स्वतंत्र बिट असतो, आणि तो शून्यालाही असतो. म्हणून शून्य दोन: अधिक शून्य आणि उणे शून्य. तुलनेत दोघं समान. तुलनेच्या सूत्राला दोघांचं उत्तर ०, म्हणून तिथे काळजी नाही. पण उणे शून्य छापलं की वजाचं चिन्ह डोकावतं. एखादी चिमुकली ऋण संख्या राउंड केली की उणे शून्य जन्माला येतं. जावास्क्रिप्टमध्ये -०.४ ला ‘टूफिक्स्ड(०)’ लावून पाहा, ‘-०’ मिळेल.

छापण्यापुरता उतारा म्हणजे राउंड केलेल्या आकड्यात शून्य मिळवा. उणे शून्य अधिक शून्य म्हणजे साधं शून्य. पायथन ३.११ पासून छपाईच्या सूचनेत ‘झेड’ अक्षर घातलं तरी वजाचं चिन्ह जातं. काकांना मात्र दोन शून्यांची गोष्ट सांगायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो.

तयार फंक्शनं उणे शून्याला काय म्हणतात यात एकवाक्यता नाही, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोड नेताना इथेच पाय घसरतो. जावास्क्रिप्टचं ‘मॅथ.साइन’ उणे शून्याला उणे शून्यच परत देतं. जावात ‘मॅथ.सिग्नम’ही तसंच, पण त्याच जावात ‘डबल.कम्पेअर’ला उणे शून्य आणि शून्य दिलं तर ते -१ म्हणतं, म्हणजे उणे शून्य लहान. रस्ट ही भाषा तर कहर करते. तिथे पूर्णांकांच्या सिग्नमला शून्याचं उत्तर ०, पण दशांशांच्या सिग्नमला शून्याचं उत्तर १.० आणि उणे शून्याचं -१.०. एकच नाव, दोन स्वभाव. माझ्या तीन शब्दांच्या नोटिशीसाठी रस्टचं दशांश सिग्नम कॉपीसाइनइतकंच निरुपयोगी.

नॅन: न ओरडणारी चूक

आतापर्यंतच्या चुका निदान दिसत तरी होत्या. तिसऱ्या वर्षी जे झालं ते दिसलंच नाही.

एका फ्लॅटची पावत्यांची नोंद फाइलमध्ये रिकामी राहिली होती. पांडाज अशी रिकामी जागा वाचून तिथे ‘नॅन’ ठेवतो, म्हणजे संख्या नसलेली संख्या. नॅनमधून काहीही वजा करा, नॅनच. आणि नॅनची कुठल्याही संख्येशी लहान-मोठं अशी तुलना केली की उत्तर कायम खोटं. नॅन शून्याहून मोठा? नाही. लहान? नाही. तोवर मी बाकी साध्या फ्लोटमध्ये, म्हणजे पायथनच्या दशांश संख्येत, आणून सूत्राला देत होतो, त्यामुळे सूत्रानं ० वजा ० केलं आणि नोटीस निघाली: ‘निरंक’.

त्या घराकडून सहा महिने मेंटेनन्स आला नव्हता. त्यांनी अर्थातच तक्रार केली नाही. निरंक असल्याची तक्रार कोण करतो?

इफ-एल्सच्या साखळीतही हेच होतं. शेवटचा ‘एल्स’ म्हणजे शून्य असं आपण गृहीत धरतो, पण त्यात नॅन गुपचूप येऊन बसतो. जावात ‘मॅथ.सिग्नम’ नॅनला नॅन देतं, इथवर ठीक. पण ते उत्तर पूर्णांकात बदललं की ० होतं, पुन्हा निरंक. गोचं ‘सीएमपी.कम्पेअर’ नॅनला सगळ्यांहून लहान मानून -१ देतं, जावाचं ‘डबल.कम्पेअर’ सगळ्यांहून मोठा मानून १. या सगळ्यांत मला सी शार्पची रीत आवडते. तिचं ‘मॅथ.साइन’ नॅन पाहिला की एक्सेप्शन फेकतं आणि प्रोग्रॅम बंद पाडतं. हिशेबात असंच हवं. आकडा नसेल तर चिन्हही नाही.

डेटाबेसमध्येही हाच भाऊ ‘नल’ या नावानं राहतो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या ‘साइन’ला नल दिला की नल येतो, आणि अटींच्या यादीत ‘एल्स निरंक’ लिहिलं असेल तर पुढचं तुम्हाला माहीत आहे.

वजाचं चिन्ह मुळात वजाचं आहे का?

हे आपल्याकडे जास्त होतं म्हणून थोडं सविस्तर. आकडे पीडीएफ, वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केले की ऋण संख्येपुढची रेघ दरवेळी कीबोर्डवरची साधी रेघ असेलच असं नाही. कधी ती लांब डॅश असते, कधी छपाईतलं खरं वजाचिन्ह. डोळ्याला तिन्ही सारखीच. पायथनचं ‘इंट’ साध्या रेघेलाच ओळखतं, बाकीच्यांना एरर देतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ नॅन देतं, आणि मग वरचा अख्खा अध्याय पुन्हा सुरू.

देवनागरी अंकांचंही तेच. पायथनमध्ये ‘-५’ ही देवनागरीतली अक्षरमाळा ‘इंट’ला दिली तर बिनतक्रार उणे पाच मिळतो. जावास्क्रिप्टला मात्र देवनागरी ५ म्हणजे नॅन. आणि ‘१,२५,०००’ मधला स्वल्पविराम? इंग्रजी अंकात लिहून जावास्क्रिप्टच्याच ‘पार्सफ्लोट’ला दिलं तर तो पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतो आणि सव्वा लाखाचा १ करून देतो. चिन्ह बरोबर, रक्कम गेली. रिकामी अक्षरमाळा ‘नंबर’ला दिली तर ० मिळतो, नॅनसुद्धा नाही. म्हणजे रिकामी जागा पुन्हा निरंक.

हिशेबनिसांच्या सवयी वेगळ्याच. कुणी ऋण रक्कम कंसात लिहितो, कुणी आकड्याच्या मागे रेघ ओढतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये रेघच नसते आणि नावे की जमा हे शेजारच्या रकान्यात असतं. तिथे आकड्याचं चिन्ह काढून उपयोग नाही. सगळ्या रकमा धनच निघतील. आधी रकाना वाचून चिन्ह लावायचं, मग काढायचं.

थकबाकीदारांची यादी चुकीच्या क्रमानं येते

ही त्याच जातीची दुसरी तक्रार. क्रम लावणाऱ्या फंक्शनला फक्त चिन्ह हवं असतं: पहिला लहान की मोठा. आळशी माणूस ‘अ - ब’ लिहून मोकळा होतो. अ २०० कोटी आणि ब उणे २०० कोटी असेल तर ३२ बिटांत वजाबाकी -२९४९६७२९६ येते, म्हणजे अ लहान. आमच्या सोसायटीत कुणाकडे २०० कोटी नाहीत, हे खरं. पण पैशांत मोजायला लागल्यावर आकडे शंभरपट होतात, आणि ३२ बिटांची हद्द मग सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत येते. मोठ्या टॉवरचा सिंकिंग फंड एवढा सहज असतो.

दशांश असतील तर आणखी गचाळ चूक. वजाबाकी करून पूर्णांकात बदलली की ०.४० चा फरक शून्य होतो आणि दोन वेगळी माणसं सारखी ठरतात. ‘इंटिजर.कम्पेअर’, ‘डबल.कम्पेअर’ किंवा अ आणि ब घालून आपलं तुलनेचं सूत्र वापरा. सूट ठेवलेलं सूत्र इथे चुकूनही नको. अ आणि ब ‘जवळपास सारखे’, ब आणि क ‘जवळपास सारखे’, पण अ आणि क नाहीत, असं झालं की क्रम लावणारा गोंधळतो. जावा ७ पासून तर कधीकधी ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे तुलनेचा नियम मोडला, असं म्हणत प्रोग्रॅमच बंद पडतो. तोही नेमका मोठ्या यादीवर, तुमच्या पाच ओळींच्या चाचणीत नाही.

आणि तुलनेच्या उत्तराची गाठ ‘बरोबर १ आहे का’ अशी बांधू नका. सीचं ‘स्ट्रसीएमपी’ किंवा जावाचं ‘कम्पेअरटू’ धन म्हणजे १ च देईल असा शब्द देत नाही. शून्याहून मोठं का, एवढंच विचारा.

दोन संख्यांची चिन्हं विरुद्ध आहेत का हे बघायला लोक गुणाकार करून तो ऋण आहे का पाहतात. पूर्णांकात गुणाकार ओव्हरफ्लो होतो. दशांशात उलट होतं: दोन्ही आकडे अतिसूक्ष्म असले तर गुणाकार उणे शून्यावर घसरतो आणि ‘शून्याहून लहान?’ला उत्तर नाही मिळतं. समीकरणाचं मूळ दुभाजन पद्धतीनं, म्हणजे दर वेळी अंतर अर्धं करत, शोधताना मुळाच्या अगदी जवळ गेल्यावर हे होऊ शकतं, म्हणजे काम फत्ते व्हायच्या उंबरठ्यावर. दोन्हींची चिन्हं वेगवेगळी काढून तुलना करा, एक ओळ जास्त गेली तर जाऊ दे.

आता स्क्रिप्टमध्ये काय आहे

पैसे = राउंड(फ्लोट(बाकी) * १००)
खूण = (पैसे > ०) - (पैसे < ०)

‘फ्लोट’मुळे नम्पायचा आकडा साधा होतो, म्हणून बुलियनची वजाबाकी अडत नाही. ‘राउंड’ला दशांशांची संख्या न देता बोलावलं की ते पूर्णांक देतं, म्हणून सूक्ष्म कचरा आणि उणे शून्य दोन्ही जातात, आणि समोर नॅन आला तर ते एरर फेकतं, निरंक म्हणत नाही. मूळ पावत्याही आता मी वाचतानाच पैशांत बदलतो आणि बाकी शेवटी रुपयांत आणतो, त्यामुळे खरं तर ही पहिली ओळ दुहेरी कुलूप आहे. ठेवली आहे.

पुढे शब्द निवडायला पायथनमध्ये एक भारी चलाखी करता येते. ‘निरंक, थकबाकी, आगाऊ’ अशी यादी करून तिला खूण हाच क्रमांक द्यायचा. ० ला निरंक, १ ला थकबाकी, आणि -१ म्हणजे शेवटून पहिला, आगाऊ. मी ते एकदा लिहिलं, दोन दिवस स्वतःवर खूश होतो, मग पुसून सरळ शब्दकोश केला. माझ्यानंतर हिशेब बघणाऱ्या मुलानं यादीत चौथा शब्द घातला असता तर सगळे आगाऊवाले त्या चौथ्या शब्दाखाली गेले असते.

परवाच्या तिमाहीला स्क्रिप्ट मधेच थांबली. नॅन. तळमजल्यावरच्या एका दुकानाची पावती क्रमांकासकट गहाळ होती, ती शोधून भरली आणि मग नोटिसा निघाल्या. काकांच्या नोटिशीवर ‘निरंक’ आलं. ते चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे शून्य तरी खरं आहे ना?”

मी त्यांना पैशांचा पूर्णांक दाखवला.